डबीवरचा सत्तर

मामाने टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला आणि त्यावर एकेक करून पारदर्शक डब्या मांडल्या. प्रत्येक डबीत सोन्याचं एक नाणं, वर छापील पट्टी, पट्टीवर नाण्याचं नाव, साल, बारकोड आणि ठसठशीत अक्षरांत ‘एमएस ७०’, म्हणजे न वापरलेल्या, निर्दोष नाण्याचा ग्रेड. सगळी ‘अमेरिकन गोल्ड ईगल’. मामाची निवृत्ती जवळ आली होती. बचतीतला एक भाग सोन्यात असावा असं त्याला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. कुणा विक्रेत्याने फोनवर त्याला पटवलं होतं, की साधं सोनं नुसतं भावाबरोबर वर-खाली होतं, पण सत्तर ग्रेडचं नाणं दोन अंगांनी वाढतं: एक सोन्याचं अंग, दुसरं दुर्मिळतेचं. मामाने एक डबी माझ्या हातात दिली आणि विचारलं, “अगं, हा जो वरचा सत्तर आहे ना, तो मी मोडायला गेलो की मला परत मिळेल का?”

डबी मी खिडकीकडे तिरकी धरली. नाण्यावरची स्वातंत्र्यदेवता मशाल घेऊन चालत येते, मागे सूर्याचे किरण फाकलेले असतात, आणि मिश्रणातल्या तांब्यामुळे सोन्याला किंचित लालसर ऊब येते. एकही ओरखडा नव्हता. नाण्याचं वजन हाताला जाणवत होतं, पण बोट कडेवरून फिरवावं म्हटलं तर मध्ये प्लॅस्टिक. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला ती नाणी मनापासून आवडली होती, आणि खरंच ती देखणी होती. ती त्याने सोन्याच्या भावापेक्षा बरंच जास्त देऊन घेतली होती, हेही त्याच्या पावत्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

उत्तर मला तेवढ्यात देता आलं नाही.

घरी परतताना आणि नंतरही कितीतरी दिवस तो आकडा डोक्यात घोळत राहिला. सत्तरच का? शंभर का नाही? या मोजपट्टीचा जनक विल्यम शेल्डन. तो मानसशास्त्रज्ञ होता, आणि अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांचा नादिष्ट संग्राहक. १९४९ साली त्याने या नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. जेमतेम ओळखू येईल इतपत झिजलेलं नाणं म्हणजे एक, आणि त्याच्या सत्तरपट किंमत ज्याला मिळावी असं निर्दोष नाणं म्हणजे सत्तर. म्हणजे बाजारात जे भाव चालू होते ते बघून आकडे बसवले गेले. पुढे भावांचं ते गणित टिकलं नाही, पण आकडे टिकले. सेंटपुरती असलेली मोजपट्टी सगळ्या नाण्यांना लावली गेली, आणि आता भाव बघून आकडा ठरत नाही, आकडा बघून भाव ठरतो. या उलटापालटीकडे मी जितकं बघते तितकं मला वाटतं, की मामाच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. आणखी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी शेल्डनने स्वतःजवळच्या हलक्या प्रतीच्या नाण्यांशी बदलून घेतली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आलं. वरच्या आकड्याचा मोह त्या आकड्याच्या जनकालाही आवरला नव्हता, हे वाचून मला वाईट वाटलं होतं.

ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांबद्दल मात्र माझ्या मनात आदर आहे, आणि तो सकारण आहे. त्या येण्याआधी नाण्याची प्रत विकणाराच ठरवायचा. तुम्हाला विकताना जे नाणं ‘न वापरलेलं’, तेच तुम्ही विकायला नेलं की ‘थोडं झिजलेलं’. शिवाय नाणी घासूनपुसून चकचकीत करायची, खाचा भरायच्या, सालाशेजारची टांकसाळीची खूण चिकटवायची, हे सगळं चालायचं. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी यांनी कामाला सुरुवात केली. जिचा खरेदी-विक्रीत हात नाही अशी तिऱ्हाईत नजर, अस्सलपणाची हमी, आणि एकदा बंद केलं की न फोडता उघडता येणार नाही अशी डबी. सामान्य माणसाला यामुळे मोठाच आधार मिळाला. टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे, की नुसतं वजन आणि आकार बघून बनावट नाणं ओळखणं कठीण जातं; अशा काळात जाणकाराने तपासून बंद केलेल्या नाण्याला महत्त्व असणारच. अर्थात आता बनावट डब्याही निघाल्यात, त्यामुळे पट्टीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावाच लागतो.

पण ‘हे नाणं खरं आहे’ आणि ‘हे नाणं सत्तर आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मोजून सिद्ध करता येतं. दुसरं माणसाच्या डोळ्यावर अवलंबून असतं: ठसा किती खोल उमटलाय, मूळ झळाळी किती शाबूत आहे, चरे कुठे आहेत, आणि एकूण नाणं डोळ्यांत कसं भरतं. अनुभवी माणसांचे डोळे असले तरी ते डोळेच. या धंद्यातली मुरलेली माणसं डब्या फोडून तीच नाणी पुन्हा ग्रेडिंगला पाठवतात, वरचा आकडा पडेल या आशेने, आणि कधी कधी तो पडतोही. जुन्या नाण्यांत चौसष्ट आणि पासष्ट यांच्यामधल्या एका पायरीला मोठी रक्कम लटकलेली असते. ज्याला हे रोजचं काम आहे त्याने हा खेळ खेळावा. ज्याला औषधं, घराची डागडुजी आणि विम्याचे हप्ते या नाण्यांतून भागवायचे आहेत, त्याच्या पैशाचा एवढा मोठा भाग कुणाच्या तरी डोळ्यावर टांगलेला असावा, हे मला पटत नाही.

मामाकडच्या नाण्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. गोल्ड ईगल १९८६ पासून निघतात, आणि त्या मुळात सोनं साठवण्यासाठीच पाडल्या जातात. एक औंसाच्या नाण्याचं वजन ३३.९३ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ३१.१ ग्रॅम, उरलेलं चांदी आणि तांबं. आजची यंत्रं इतकी सफाईने ठसा उठवतात, की टांकसाळीतून निघालेल्या नव्या नाण्यांना एकोणसत्तर किंवा सत्तर मिळणं ही काही नवलाची गोष्ट उरलेली नाही. ग्रेडिंग कंपन्या स्वतःच नोंदी जाहीर करतात, कुठल्या सालच्या किती नाण्यांना कुठला आकडा दिला ते. त्या नोंदींत नव्या ईगलच्या सत्तरीचे आकडे पाहिले, की दुर्मिळता शोधावी लागते. एकोणसत्तर आणि सत्तर यांतला फरक साध्या डोळ्यांना बहुतेक वेळा दिसतही नाही. पट्टीवर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ असं छापलेलं असेल, तर ते नाणं विक्रीला आल्यापासून पहिल्या तीसेक दिवसांत कंपनीकडे पोचलं एवढंच त्यातून कळतं. कुठलं नाणं आधी पाडलं आणि कुठलं नंतर, याची नोंद टांकसाळ ठेवत नाही. तरीही या दोन शब्दांसाठी माणसं जादा पैसे मोजतात.

दागिना घडवताना आपण घडणावळ देतो आणि मोडताना ती परत येणार नाही हे मनाशी धरूनच देतो. नव्या नाण्याच्या ग्रेडसाठी मोजलेली जादा रक्कम मला तशीच वाटते. फरक इतकाच, की दागिना मधली वर्षं अंगावर मिरवता येतो. हिशोबच मांडायचा तर समजा शंभराचं सोनं एकशेतीसला घेतलं, आणि विकताना समोरचा सोन्याच्या भावाच्या आसपासच देणार असेल, तर तुमचे पैसे नुसते भरून यायलाच सोन्याने तीस टक्के चढायला हवं. सोनं दरवर्षी चार टक्क्यांनी वाढलं तरी त्याला जवळजवळ सात वर्षं लागतील. तरुण माणसाला सात वर्षं काहीच नाहीत. निवृत्त माणसाच्या हातून ती सहज मागून घ्यावीत अशी वर्षं नाहीत. सोनं स्वतःही फार मोठी थांबायची तयारी मागतं. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरवर गेलं, १९९९ मध्ये २५० डॉलरच्या आसपास उतरलं, आणि ८५०चा तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला तो २००८ च्या जानेवारीत. महागाई तर मी यात धरलेलीच नाही. एवढी मोठी जोखीम धातूतच असताना वर ग्रेडची दुसरी जोखीम कशाला चढवायची?

एकदा मी मुद्दाम नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले होते. मोठं सभागृह, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, भिंग, आणि डब्या एकमेकींवर ठेवताना होणारा टकटक आवाज. एका वयस्कर विक्रेत्याने मला डबीबाहेरचं १९२४ सालचं वीस डॉलरचं नाणं कडेने धरायला दिलं. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्सची तीच मशालवाली देवता, जी पुढे ईगलवर आली. पण हे नाणं नव्वद टक्के सोन्याचं, थोडं जास्त तांबूस, आणि त्यावर पोत्यांत इतर नाण्यांशी घासून पडलेले बारीक चरे. ही नाणी पेट्यांतून आणि पोत्यांतून फिरली, त्यांतली कित्येक युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत जाऊन बसली आणि तिथूनच मोठ्या संख्येने परत आली. नाणं तळव्यावर ठेवल्यावर ते लगेच हाताइतकं ऊबदार झालं. विक्रेता म्हणाला, इथे नवख्याला आम्ही एकच गोष्ट सांगतो: नाणं विकत घ्या, डबी नव्हे. मला ते नाणं हवंहवंसं वाटलं, हे मी लपवणार नाही. त्या हवंहवंसं वाटण्याला भाव आहे, आणि ज्याला ते वाटतं त्याने तो जरूर मोजावा. पण तो भाव कुठल्या खिशातून जातो, हे ठरवून मोजावा.

त्याच सभागृहात पलीकडच्या टेबलाशी एक बाई नवऱ्यामागे राहिलेली नाणी विकायला आल्या होत्या. काही लिफाफ्यांत सुटी, काही डब्यांत. मी उगाच रेंगाळले. डबीतल्या जुन्या नाण्यांचे भाव भराभर ठरले. क्रमांक पाहिला, अलीकडची विक्री पाहिली, आकडा सांगितला. सुट्या जुन्या नाण्यांवर मात्र खूप वेळ गेला, दिव्याखाली फिरवून फिरवून पाहणं झालं, ‘हे पुसलेलं दिसतंय’ असे शेरे झाले, आणि बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की यातलं किती मानायचं हे त्यांना कळत नाही. उरल्या नव्या ईगल, त्यांतल्या बऱ्याच सत्तरच्या पट्टीच्या. त्या विक्रेत्याने साध्या ईगलच्या ढिगालाच जोडल्या आणि सोन्याच्या त्या दिवसाच्या भावाने हिशोब केला, वर नावापुरतं काहीतरी. तो माणूस लबाड वाटला नाही. त्या सत्तरीला त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, इतकंच. मला एकदम मामीची आठवण आली. मामीला नाण्यांतलं काही कळत नाही, आणि एखाद्या दिवशी त्या डब्या घेऊन अशा टेबलाशी तिलाच बसावं लागू शकतं.

म्हणून माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं होत नाही.

खरोखरच जुनं, मागणी असलेलं, ज्याची किंमत त्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट आहे असं नाणं घरात असेल, तर ते ग्रेड करून डबीत ठेवावं असंच मी म्हणेन. तिथे पट्टी मागे राहणाऱ्यांचं रक्षण करते. सोन्याच्या भावाने मोडीत जाण्यापासून वाचवते. पण तिथेही निवृत्तीचा आधार म्हणून त्याच्याकडे बघू नये. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, डबीबंद नाणी न बघता नुसत्या आकड्यावर विकत घेता येतील या कल्पनेवर, मेरिल लिंचसारख्या वॉल स्ट्रीटवरच्या कंपन्यांनीही दुर्मिळ नाण्यांचे फंड काढले. १९८९ मध्ये भाव शिगेला पोचले आणि मग कोसळले. सोनं तेच होतं, ग्रेडही तोच होता, फक्त घेणारे उठून गेले. आणि दुर्मिळता कायम राहील याची हमी कुणीच देऊ शकत नाही. १९०८ सालच्या वीस डॉलरच्या नाण्यांचा एकोणीस हजारांहून मोठा, अतिशय चांगल्या अवस्थेतला साठा १९९०च्या दशकात बाजारात आला, तेव्हा त्या सालच्या वरच्या ग्रेडची आधीची दुर्मिळता तिथेच संपली.

अमेरिकेच्या कायद्याने तर ही रेघ कधीच ओढून ठेवली आहे. १९८१ मध्ये आयआरए, म्हणजे करसवलतीच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यांतून संग्राह्य वस्तू बाहेर काढल्या गेल्या: चित्रं, गालिचे, रत्नं, टपाल तिकिटं, दारू आणि नाणीही. १९८६ मध्ये ईगलसाठी दार उघडलं, १९९७ मध्ये ठरावीक शुद्धतेच्या इतर सोन्यासाठी. म्हणून बावीस कॅरटची ईगल आयआरएमध्ये चालते, पण १९३३ पूर्वीची वीस डॉलरची नाणी, कितीही वरच्या ग्रेडची असली तरी, चालत नाहीत. कायद्याने सवलत दिली ती ईगलला, तिच्या ग्रेडला नाही, आणि डबीबंद नाणी घ्यायला अनेक कस्टोडियन, म्हणजे ही खाती सांभाळणाऱ्या संस्था, नकार देतात. खात्यातली नाणी घरच्या तिजोरीत ठेवायची सोयही नाही. २०२१ च्या मॅकनल्टी प्रकरणात टॅक्स कोर्टाने असं घरी ठेवणं म्हणजे खात्यातून पैसे काढून घेणंच ठरवलं आणि त्यावर कर लावला.

फोनवरचे विक्रेते आणखी एक भीती घालतात. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने लोकांकडचं सोनं काढून घेतलं तेव्हा संग्राहकांची नाणी वाचली, तेव्हा तुम्हीही ग्रेडवालीच घ्या. त्या हुकमात दुर्मिळ आणि वेगळ्या नाण्यांना सूट होती हे खरं. पण आज लाखांनी पाडल्या जाणाऱ्या ईगलवर सत्तरचा कागद लावला म्हणून ती दुर्मिळ ठरेल, असं कुठल्याही कायद्यात म्हटलेलं नाही, आणि तो हुकूमही आज लागू नाही. १९७४ च्या शेवटच्या दिवसापासून सोनं बाळगणं पुन्हा मोकळं झालं. वृद्धांच्या भीतीवर चालणारा हा धंदा मला संताप आणतो. २०२० मध्ये सीएफटीसी ही वायदेबाजारावर देखरेख ठेवणारी अमेरिकी सरकारी संस्था आणि तीस राज्यं यांनी मिळून एक दावा दाखल केला, त्यात मुख्यतः वयस्क लोकांकडून साडेअठरा कोटी डॉलर गोळा करून त्यांना अवाच्या सवा किमतीत मौल्यवान धातू विकल्याचा आरोप होता. त्यातली बरीचशी रक्कम लोकांनी आपल्या निवृत्तीच्या खात्यांतून काढलेली होती.

मामाला मी शेवटी हेच सांगितलं, की ईगलमधलं सोनं तुला मिळेल, सत्तर बहुधा मिळणार नाही. पुढे सोनं घ्यायचंच असेल तर बिनग्रेडची साधी ईगल किंवा बफेलो हे अमेरिकेचंच दुसरं सोन्याचं नाणं घे, भावाच्या जितकं जवळ मिळेल तितकं. ज्या डब्या आहेत त्या फोडू नकोस. फोडून काही मिळत नाही, आणि सत्तरला भाव देणारा एखादा संग्राहक भेटलाच तर डबी शाबूत असायला हवी. त्याला थोडं वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग आम्ही दोघांनी बसून मामीसाठी यादी केली. कुठली नाणी त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने बिनदिक्कत द्यायची, आणि त्याच्याकडच्या एका जुन्या नाण्यासाठी किमान तीन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. प्रत्येक पट्टीवरचा क्रमांक यादीत उतरवला, कारण अमेरिकेच्या करनियमांत निवृत्ती खात्याबाहेरच्या नाण्यांची किंमत वारसासाठी मृत्यूच्या दिवशीच्या भावाने धरली जाते, आणि तो भाव सिद्ध करायला तो क्रमांक उपयोगी पडतो. पावत्याही त्याच पाकिटात ठेवल्या. मामा हयात असताना त्याने नफ्यात विकलं, तर वर्षाहून जास्त सांभाळलेल्या सोन्यावर कराचा दर अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि आपण किती मोजले होते ते दाखवणारी पावती नसेल तर नफा नेमका किती, यावरूनच वाद सुरू होतो.